वत्सलामॅडम आणि मजकुरासकट रडणं

आमच्या सोसायटीत कुणाच्या घरी म्हातारं माणूस आजारी पडलं, तर ती बातमी तिसऱ्या मजल्यावरच्या वत्सलामॅडमपर्यंत जाऊ नये याची सगळे काळजी घेतात. लिफ्टमध्ये त्यांनी "आईंची तब्येत कशी आहे?" असं विचारलं, की माणसं "एकदम ठणठणीत" म्हणून मधल्याच मजल्यावर उतरतात. बाई वाईट नाहीत हो. त्यांचा विषयच तसा आहे. कुणी मेलं की बायका काय म्हणून रडतात, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला.

मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालो आणि पंचवटीत त्यांच्या समोरचा फ्लॅट घेतला. माझ्याकडे गाडी आहे आणि कामधंदा काही नाही, हे कळायला मॅडमना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून मी त्यांचा ड्रायव्हर झालो. तेव्हा त्याही कॉलेजातून निवृत्त झालेल्या होत्या. तरुणपणी त्यांनी हा विषय निवडला, तेव्हा त्यांच्या सरांनी "लग्नाची गाणी घ्या, डोहाळे घ्या, हे अभद्र काय घेताय," असं समजावून पाहिलं होतं. मॅडमनी सरांना नम्रपणे विचारलं, की तुमच्या घरी शेवटचं मयत झालं तेव्हा रडताना शब्द काय होते? सरांनी विषयाच्या अर्जावर सही करून टाकली.

"शब्द काय होते?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. जिन्यात एखादं पोर भोकाड पसरून बसलं, तरी त्या क्षणभर कान देतात आणि "नुसता आवाज आहे, मजकूर नाही" म्हणून पुढं जातात. सकाळी लोक रामकुंडावर स्नानाला जातात, मॅडम दशक्रियेला आलेल्या बायकांशेजारी जाऊन बसतात. माझे सासरे वारले तेव्हा चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोला हाच प्रश्न विचारला. मंगल महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मग एके दिवशी स्वतःच जाऊन सगळं सांगून आली, आणि परत आल्यावर म्हणाली, "बरं वाटलं. इतकं नीट कुणी ऐकलंच नव्हतं."

गाडीत मॅडम मला शिकवायच्या. "बाई रडत असताना तिला कुणी अडवत नाही, हे लक्षात घ्या जाधव. सासू मेली की सून पायाशी बसून वीस वर्षांचं बोलून घेते. दुधाचं पातेलं कुठं लपवलं, माहेरी कधी पाठवलं नाही, सगळं. अख्खा गाव ऐकतो. एरवी ती एवढं बोलली असती तर घरात राहिली असती का?"

आमच्या बहुतेक खेपा दिंडोरीच्या पुढच्या एका खेड्यात, सोनाबाईकडं व्हायच्या. सोनाबाई द्राक्षाच्या छाटणीला जाणारी, मॅडमपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तीस वर्षांपूर्वी त्यांची पहिली भेट झाली, ती हकिगत दोघीही आळीपाळीनं सांगायच्या. मॅडम रेकॉर्डर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, रडून दाखवा. बायका म्हणाल्या, मयताबिगर कसं रडू येईल? मॅडमनी दोरीवरची चादर ओढली आणि त्या अंगणात आडव्या झाल्या. "मी मेले असं समजा."

बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. एक तर हसता हसता गोठ्यात पळाली. पण सोनाबाई पायाशी बसली, आणि तिनं बाळंतपणात गेलेल्या आपल्या बहिणीला हाक मारली. मग दुसरी बसली, मग तिसरी. जिची तिची गेलेली माणसं निघाली. मॅडम दीड तास तशाच पडून होत्या. मुंग्या चावत होत्या, पण हलल्या नाहीत. मयत हललं असतं तर बायका थांबल्या असत्या, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी सोनाबाईनं त्यांना एक नियम सांगितला. "पहिल्यांदी तुमच्यावरच रडाया बसले, पर जमंना. हाक काय मारू? तुमचं-माझं नातं काय? बहिणीचं नाव घेतलं तव्हा आलं." पुढं शंभर गावं फिरून मॅडमनी जाडजूड पुस्तक लिहिलं, त्याचा सारांश एवढाच निघाला. नात्याची हाक असल्याशिवाय रडता येत नाही.

मॅडमनी लग्न केलं नाही. एक भाऊ होता, तोही गेला. दोन वर्षांपूर्वी सोनाबाईच्या ओट्यावर जेवण झाल्यावर त्यांनी अगदी अभ्यासातलं काही विचारावं तसं विचारलं, "सोनाबाई, मी गेले की माझ्यावर कोण रडणार?"

"म्या रडन की."

"काय हाक मारून?"

सोनाबाई अडली. "मॅडम म्हणून तर नाय रडता येत." मग म्हणाली, "सई म्हणू?"

"सई म्हणजे मैत्रीण, ती दारापर्यंतच. आत बसतात त्या घरच्या."

"मंग बहीण म्हणते."

"तीस वर्षांत तुम्ही मला एकदा तरी अगं म्हणालात का? बहिणीला अहो म्हणून कोण रडतं?"

"बघू आता," सोनाबाई भांडी उचलत म्हणाली. "तुम्ही मरा तर आधी."

आम्ही तिघंही हसलो. मॅडम परतीच्या वाटेवर बऱ्याच खुशीत होत्या. हाक ठरली नव्हती, पण रडणारं माणूस ठरलं होतं.

या हिवाळ्यात एका सकाळी सोनाबाईच्या सुनेचा, कविताचा फोन आला. चार दिवस ताप होता, छातीत कफ भरला, सासूबाई गेल्या. मी गाडी काढली. दिंडोरी मागं पडली. मॅडम म्हणाल्या, "जाधव, माझी तयारी नाही हो. मी काय हाक मारू?"

गाव जवळ आलं तशी मी गाडी सावकाश केली.

"दारात नको, कोपऱ्यावर उतरवा. बाहेरून येणारी बाई कोपऱ्यापासून रडत जाते." त्या उतरल्या आणि उभ्याच राहिल्या. हजार मजकूर ज्या बाईला पाठ, तिच्या तोंडून शब्द फुटेना. ओट्यावरच्या बायका आमच्याकडं बघत होत्या. मला वाटलं, हात धरून परत गाडीत बसवावं.

मॅडमनी हाक मारली, "आईऽऽ".

"माझ्या आईऽऽ, मला उपाशी कधी धाडलं नाहीस गं. माझ्या पिशवीत भाकरी बांधायचीस, गुपचूप द्राक्षं भरायचीस. आजारी पडलीस तर मला कळवायचं नाहीस का गं? आता मी कुणाच्या दारात जाऊ?"

रडण्याची चाल चुकत होती, श्वास पुरत नव्हता. सत्तरी उलटलेली बाई तिच्याहून लहान बाईला आई म्हणत रस्त्यानं चालली होती, आणि ओट्यावर कुणालाच ते विचित्र वाटलं नाही. बायकांनी सरकून मयताच्या उशाशी जागा केली, मुलीला करतात तशी. मी रस्त्यातच उभा राहून रडलो, मजकुराशिवाय.

पुरुष मयत घेऊन गेले आणि परत आले. कविता पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पोरगी पस्तिशीची. कालपर्यंत मॅडम-मॅडम करायची.

"नणंदबाई," ती म्हणाली, "दोन घोट घ्या. सकाळपून उपाशी असशाल."

मॅडमनी चमकून वर पाहिलं. आई म्हटल्यावर आईची सून भावजयच झाली, आणि नणंदेवर रडणं भावजयीला चुकत नाही. मला हे परतताना कळलं, मॅडमना तिथंच कळलं असणार. तांब्या हातात घेऊन त्या दोन घोट प्यायल्या.

"दहाव्यापर्यंत मी राहू का गं इथं?" त्यांनी विचारलं.

"राहावंच लागंल," कविता म्हणाली. "लेक हायेत तुम्ही."

मी गाडी वळवली आणि एकटाच नाशिकला आलो.