थेट मालकालाच गाठायचं

सहा महिन्यांत एकेचाळीस अर्ज पाठवून वहिनींना एकाही कंपनीकडून साधा नकारसुद्धा आला नव्हता. पंप बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी सतरा वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. कोणता स्क्रू कुठल्या खणात आहे, हे त्या डोळे मिटून सांगत. कारखाना बंद पडला आणि डोळे उघडे ठेवूनही त्यांना पुढचं काही दिसेना. अर्जाच्या फॉर्ममध्ये 'डोळे मिटून काय काय सांगता येतं' असा रकानाच नव्हता.

"अगं वहिनी, कॉम्प्युटरवर अर्ज टाकणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं!" त्यांची नणंद म्हणाली. "दगडाचा निदान डुबुक असा आवाज तरी येतो. तू थेट मालकालाच गाठ."

"आणि काय म्हणू? नोकरी द्या?"

"नोकरीचं नावच काढायचं नाही. विचारायचं, तुमचं सध्या काय अडलंय? माणूस स्वतःचं रडगाणं गायला लागला की अर्धं काम झालं म्हणून समज."

वहिनींनी जवळपासच्या कारखान्यांची यादी केली आणि फोन फिरवले. पहिल्याने 'नको' म्हणून फोन आपटला. काय नको ते विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्याने सांगितलं, "वेबसाइटवर अर्ज टाका." तिसरा फोन लागला तो वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये. तिथे मागे काहीतरी घरघरत होतं.

"मालकांना भेटायचं होतं!" वहिनी ओरडल्या.

"या! अकरा वाजता या!" पलीकडून कोणीतरी ओरडलं.

वहिनींना इतका आनंद झाला, की त्या पावणेअकरालाच तिथे पोहोचल्या.

वर्कशॉप म्हणजे नुसता पसारा होता. दारापासून जिन्यापर्यंत काटे, पारडी, झाकण नसलेले डबे. दोन कारागीर वाकून काम करत होते आणि तिसरा, ज्याला ते 'उस्ताद' म्हणत होते, एका मोठ्या काट्याच्या पोटात डोकं खुपसून बसला होता.

"मालक वर आहेत का?" वहिनींनी विचारलं.

उस्तादांच्या तोंडात चार-पाच स्क्रू धरलेले होते. त्यांनी 'ऊं ऊं' करत हातातल्या पान्याने वरची दिशा दाखवली.

वरच्या केबिनमध्ये कोणीच नव्हतं. स्टुलावर फायलींचा ढीग होता. बसायला टेबलामागची मोठी खुर्ची तेवढी मोकळी. जिना चढून वहिनींचे गुडघे कुरकुरत होते. मालक येईपर्यंत टेकू, असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि तेवढ्यात दार उघडलं. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले, पन्नाशीचे एक गृहस्थ आत आले.

"माफ करा हं, जरा उशीरच झाला."

वहिनी धडपडत उठायला लागल्या.

"बसा, बसा! उठू नका!" म्हणत गृहस्थांनी स्टुलावरच्या फायली खाली ठेवल्या आणि ते स्टुलावर बसले. वहिनी भारावून गेल्या. स्वतःच्या केबिनमध्ये स्टुलावर बसणारा मालक त्यांनी सतरा वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी खोल श्वास घेतला आणि नणंदेचं वाक्य म्हणून टाकलं.

"तुमचं सध्या काय अडलंय?"

इस्त्रीवाल्यांचे डोळे एकदम पाणावले. "इतक्या आपुलकीने कोणी विचारलं नव्हतं हो! खरं सांगू? चार महिने घरी बसून आहे. मला फोनवर चार माणसांशी बोलल्याशिवाय चैन पडत नाही. घरचे म्हणतात, आता आमच्याशी बोलू नका, बाहेर जा."

मालक चार महिने घरी! तरीच खाली हा गोंधळ. "तब्येत बरी आहे ना?" वहिनींनी काळजीने विचारलं.

"ठणठणीत! फक्त काम हवं."

"काम? अहो, काम तर खाली तुंबलंय! सामान कुठे आहे, कोणाला पत्ता नाही. ते मी बघते. फोन तुम्ही बघा."

"तुम्ही म्हणाल तसं! कधीपासून?"

"आत्तापासून चालेल?"

"चालेल काय, पळेल!"

दोघांनी उभं राहून एकमेकांना इतक्या जोरात नमस्कार केला, की टेबलावरचा काचेचा ग्लास पडता पडता राहिला. तेवढ्यात दारात उस्ताद येऊन उभे राहिले. "अहो, मी..."

"बरं झालं आलात उस्ताद," वहिनी म्हणाल्या. "दोन चहा सांगा. आणि खालचं मोठं टेबल मोकळं करून घ्या."

उस्तादांनी वहिनींकडे पाहिलं, इस्त्रीवाल्यांकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. आणि ते चहा सांगायला गेले.

मग वहिनींनी पदर खोचला. डबे टेबलावर उपडे झाले. स्क्रू वेगळे, खिळे वेगळे, स्प्रिंगा वेगळ्या. चिठ्ठ्या लिहायला त्यांनी एका कारागिराला बसवलं, चिकटवायला दुसऱ्याला आणि फडताळ पुसायला उस्तादांना. उस्तादच निमूटपणे पुसताहेत म्हटल्यावर कारागीरही कामाला लागले. वर इस्त्रीवाल्यांचा आवाज खणखणत होता. "आजच देतो साहेब! तीन वाजता!" मग ते जिन्यातून वाकून विचारत, "बिस्किट कारखान्याचा काटा तीनला देऊ ना?"

"तुम्ही म्हणाल तसं!" वहिनी खालून ओरडत.

त्या काट्याची बोटभर स्प्रिंग आठ दिवस सापडत नव्हती. वहिनींना ती बारा वाजून दहा मिनिटांनी सापडली, बिजागऱ्यांच्या डब्यात. त्यांनी ती उजेडात धरली आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शीळ निघाली. उस्तादांनी ती बसवली आणि तीन वाजता काटा गेला. असेच एखाद्या सुट्या भागासाठी अडलेले आणखी पाच चारपर्यंत गेले. वर्कशॉपची फरशी कोणत्या रंगाची आहे, हे कारागिरांना त्या दिवशी कळलं.

साडेचारला सगळे वर चहा घेत असताना फोन वाजला. इस्त्रीवाल्यांनी तो उचलला आणि रिसीव्हर वहिनींपुढे धरला.

"मालकांना द्या म्हणताहेत."

"मग माझ्यापुढे काय धरता? बोला की."

"मी कसा बोलू? त्यांना मालकच हवेत."

"अहो, मग तुम्ही कोण?"

"मी आज सकाळी लागलो ना कामाला. तुम्हीच नाही का ठेवलंत?"

"मी? मला तर तुम्ही ठेवलंत!"

रिसीव्हर दोघांच्या मधे हवेत लोंबकळत होता आणि त्यातून "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. उस्तादांनी कप खाली ठेवला, हात पुसले आणि रिसीव्हर घेतला. "हां, मालक बोलतोय. तुमचा काटा? उद्या दुपारी."

त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा कप उचलला.

"तुम्ही मालक?" वहिनींचा आवाज चिरकला. "मग सकाळीच का नाही बोललात?"

"तोंडात स्क्रू होते. वर आलो, तर तुम्ही चहा सांगितलात. म्हटलं, आधी चहा आणू. मग टेबल, मग फडताळ. तुम्ही सवडच दिली नाहीत."

वहिनींना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांनी पिशवी उचलली. "आम्ही दोघंही नोकरी मागायला आलो होतो हो."

"ते दुपारीच लक्षात आलं. दोघंही एकमेकांना 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत होता. मालक असं कधी बोलतो का?"

"मग थांबवलं का नाहीत?"

"सहा काटे गेले आज! महिनाभरात सहा गेले नव्हते. मी दुरुस्ती करणारा माणूस. दुकान कसं चालवायचं ते मला कधी कळलंच नाही." त्यांनी वहिनींच्या हातातून पिशवी घेतली आणि परत खुंटीला अडकवली. "दोघंही राहा. पगाराचं बसून ठरवू."

इस्त्रीवाले घरी फोन करायला धावले. उस्ताद जिन्यापाशी गेले आणि घुटमळले.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"उद्या मी किती वाजता येऊ?"

"साडेनऊला," वहिनी बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. पण तोवर उस्ताद मान डोलावून अर्धा जिना उतरलेसुद्धा होते.