देव घरमालक झाला त्याची गोष्ट

सुधारानी गेल्याचा फोन बिदरच्या दवाखान्यातून आला, तेव्हा तिचा नवरा रेवणसिद्धप्पा हुमनाबादच्या करार टाइप करून देण्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला भाडेकरार वाचून दाखवत होता. त्यानं तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, "घरी जायला पाहिजे."

दुकानात संगणक आणला तो सुधारानीनं. करार गोष्टीसारखा एका दमात वाचता आला पाहिजे, असा रेवणसिद्धप्पाचा हट्ट. ती म्हणे, "अहो, यंत्राला गोष्ट कळत न्हाई, जागा कळती. पहिल्या ओळीत मालक, दुसरीत भाडेकरू, तिसरीत साक्षीदार. बस्स!" पाडव्याआधी मुदत संपलेल्यांना 'करार नवा करा, नाहीतर जागा सोडा' अशा नोटिसा मग यंत्र आपोआप छापून द्यायचं.

आता ती गेल्यावरचा पहिला पाडवा आला. दुकानाचे मालक काशप्पा म्हणाले, "रेवण्णा, एकट्याला जमतंय का बघ. न्हाईतर जागा मोबाइलवाल्याला देतो."

"टाइपरायटरवर बोटं झिजवलीत काका! हा डबा काय चीज!"

त्यानं डबा उघडला आणि हबकला. एकाही करारावर देवाचं नाव नव्हतं! "सुधे, देवाला विसरलीस की!" म्हणत त्यानं प्रत्येक कराराच्या डोक्यावर 'श्री गुरुबसवलिंगाय नमः' घातलं. नोटिसा छापल्या, न वाचताच वाटल्या आणि निवांत चहा मागवला.

चहा येण्याआधी रुद्रम्मा आली, वळू सुटल्यासारखी! "माझ्याच घरात मी भाडेकरू? आन् मालक परत्यक्ष देव! भाडं कुठं भरू, मठात?"

मागोमाग तिचा भाडेकरू अंबाजी पेढे घेऊन हजर. "मी नुसता साक्षीदार हाय म्हनं! भाडं सुटलं बगा!"

"थांब, तुला सोडवते!" रुद्रम्मानं चप्पल काढली.

रेवणसिद्धप्पानं नोटीस हातात घेतली. कागदाच्या माथ्यावर देवाचं नाव आधीच छापलेलं होतं. सुधारानीनं ते कोऱ्या कागदांवरच छापून घेतलं होतं. देव कागदावर, करार यंत्रात. यानं देवाला पहिल्या ओळीत बसवलं आणि सगळी माणसं एकेक पायरी खाली घसरली!

तेवढ्यात काशप्पा आले. "मला माझ्याच दुकानातनं काढायलास व्हय रे?" नोटीस वाचता वाचता त्यांनाच हसू फुटलं. तिसऱ्या ओळीशी ते थांबलं.

'साक्षीदार: सुधारानी.'

दुकानाचा भाडेकरार तिच्या नावावर होता. तीही एक पायरी घसरली होती.

रुद्रम्मानं चप्पल पायात घातली.

"ती असती तर लई हसली असती," काशप्पा म्हणाले.

"न्हाई काका. 'सरका तिकडं, मी बघते' म्हणाली असती."

काशप्पा जायला निघाले. "चालव दुकान. पण आता करार तुझ्या नावानं कर."

संध्याकाळपर्यंत रेवणसिद्धप्पानं सगळ्या करारांतून देवाला परत कागदावर पाठवलं. मालक मालक झाले, अंबाजी भाडेकरू झाला. दुकानाच्या करारातही सुधारानी दुसऱ्या ओळीत आली.

तिथं स्वतःचं नाव घालायचं अजून राहिलं आहे.