अंबक्काचा छाटलेला आवाज

लग्न होऊन सोलापुरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हातात लाटणं घेऊन शेजाऱ्यांच्या घरात घुसले होते. आता सांगायला हरकत नाही. तेव्हाचे साक्षीदार बरेचसे गेले आणि जे उरलेत त्यांना नीट ऐकू येत नाही.

झालं असं, की मी पोळ्या लाटत होते आणि भिंतीपलीकडे एक बाई किंचाळत होती. मागोमाग पुरुषाचा आवाज, तिच्याही वरचा. सासूबाई शांतपणे तूरडाळ निवडत बसलेल्या. मला वाटलं, काय दगडाच्या काळजाची माणसं ही, शेजारी खून पडतोय आणि यांचं निवडणं संपत नाही. मी माळशिरसची, वयानं लहान आणि अकलेनं त्याहून बरीच लहान. पदर खोचला, लाटणं उचललं आणि निघाले.

आत नवरा-बायको समोरासमोर बसून जेवत होते. आमटीत मीठ कमी की जास्त, एवढाच विषय होता. मी उंबऱ्यात लाटणं उगारून उभी. नवऱ्यानं घास तसाच धरून बायकोला विचारलं, "कोण हाय ही?" बायको त्याच्या कानाशी ओरडली, "शेजारची नवी सून. लाटणं द्याला आल्यात."

मग तिनं माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि त्या जागी आमटीची वाटी ठेवली. मीठ जास्तच होतं. ते लाटणं आजतागायत परत आलेलं नाही.

ही आमची अंबक्का.

आमच्या भागात तेव्हा घरटी कुणी ना कुणी मागावर होतं. तिचे यजमान मल्लय्या मिसरूड फुटायच्या आधी यंत्रमागाच्या कारखान्यात शिरले आणि चादरी विणता विणता कान तिथंच ठेवून आले. पुढं पोरांनी कानात घालायचं मशीन आणून दिलं. ते घालून मल्लय्या एक दिवस कारखान्यात गेले, घरी आले आणि मशीन हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवून दिलं. म्हणाले, "देवाला ऐकू दे ती खटखट." नवऱ्याच्या कानाचं सगळं काम असं अंबक्काच्या गळ्यावर आलं.

तो गळा मग खाली उतरलाच नाही. ती घरात विड्या वळायची, पान कातरता कातरता बोलायची आणि गल्लीला सगळं कळायचं. मल्लय्यांचं पोट कधी साफ झालं, कधी नाही, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "वैनी, कुणाला सांगू नका," आणि नणंदेची एक भानगड सांगायला लागली. ती मधेच दम घ्यायला थांबली, तर मागच्या घरांच्या ओळीतून कुणीतरी विचारलं, "मग फुडं काय झालं, अक्का?"

पण उपयोगही होता. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कधी येईल ते नळालासुद्धा माहीत नसतं. नळ जरा फुसफुसला, की अंबक्काची हाक उठायची, "पाणी आलं ओ, मोटर लावा." हाक मल्लय्यांना असायची, मोटरी मात्र सगळ्या गल्लीच्या सुरू व्हायच्या.

दोनेक वर्षांपूर्वी मल्लय्या गेले. मुलगा भिवंडीला, मुलगी हैदराबादला. घरात अंबक्का एकटी. आवाज मात्र तसूभर खाली आला नाही. पाण्याची हाकही तशीच. आम्ही म्हटलं, सवय. आणि खरं सांगायचं तर आमच्या टाक्या भरत होत्या, त्यामुळे फार विचार कुणी केला नाही.

एवढ्यात माझी नात मुक्ता सुट्टीला आली. तिच्या फोनमध्ये पैसे मिळवून देणाऱ्या ॲपांचा बाजार भरलेला. मीही त्यात हात घालून बसले होते. जाहिराती बघायच्या आणि सोन्यासारखी दिसणारी नाणी गोळा करायची. एका दुपारी मी दाढीच्या तेलाच्या जाहिराती इतक्या मन लावून बघितल्या, की गॅसवरचं दूध पातेल्यासकट जळालं. त्या नाण्यांत पातेलं सोडा, त्याची घासणीसुद्धा आली नसती. तेव्हापासून मला कुणी विचारलं, की ही ॲपं वेळ घालवण्याजोगी आहेत का, तर मी पातेलं दाखवते.

अंबक्काच्या फोनवर मात्र मुक्तानं निराळंच ॲप टाकून दिलं. त्यात एक चित्र येतं. त्यात काय दिसतं ते आपल्या बोलीत सांगायचं, की त्याचे थोडे पैसे. मशीनला म्हणे माणसांसारखं बोलायला शिकवायचंय.

"माझ्यासारखं?" अंबक्कानं विचारलं.

"हो आजी, तुमच्यासारखं."

अंबक्कानं हातातली विडी सुपात ठेवली. "जन्मभर समदे म्हणले, हळू बोल. पैशे दिऊन ऐकणारं आज भेटलं बघा."

दुसऱ्या दिवशी ती न्हाऊन, अबोलीचा गजरा माळून बसली. विड्यांच्या सुपाला फोन टेकवला. पहिलं चित्र समुद्राचं. अंबक्का कडाडली, "लई पाणी हाय. कुणाचंच लक्ष न्हाय. सोलापूरला दोन टँकर पाठवा की." दुसऱ्यात एक बाई स्वयंपाकघरात हसत उभी. "ह्या बाईनं गॅस बारीक केला न्हाय. दात कशाला काढायली काय म्हाईत."

फोनवर लाल फुली आली. 'आवाज फार मोठा आहे. पुन्हा नोंदवा.' तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा फुली. संध्याकाळपर्यंत फुल्यांची रांग लागली आणि खाली इशारा आला, की असंच होत राहिलं तर खातं बंद होईल.

अंबक्काचा चेहरा उतरला. मी तो असा उतरलेला फार क्वचित बघितलाय. "विडी कारखान्यात चेकर बी खराब म्हणून विड्या छाटायचा," ती म्हणाली. "पर समोर बसून छाटायचा. त्याला मी चार शिव्या घालायचे. ह्याला कुटं घालू? विड्या छाटल्या ते ठीक. ह्यो मलाच छाटायलाय की ओ." मग म्हणाली, "पैशे नगं. येकदा पास तरी करा म्हणावं."

मला चेव आला. मी म्हातारी असले तरी आगाऊपणा तोच. म्हटलं, अक्का, तुम्हाला पास करूनच दाखवते.

आधी फोन गोधडीत गुंडाळला. फुली. मग पिठाच्या डब्यात ठेवला. फुली, आणि फोनला कणीक. मग मी फोन घेऊन आमच्या गच्चीवर, अंबक्का तिच्या. ॲप म्हणालं, आवाज लांबून येतोय आणि मागे कुत्री भुंकतात. ती कुत्री अंबक्काला घाबरून भुंकत होती, हे त्याला कसं सांगणार?

शेवटी मी म्हटलं, "अक्का, मांडीवर पोरगं झोपलंय असं समजा. उठलं तर पुन्हा झोपायचं नाही."

तिनं मांडीवर उशी घेतली. खाली वाकली. आणि बोलली.

इतक्या वर्षांत तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पातळ, जरासा खरखरीत आणि गोड. चित्र कसलंसं बैलाचं होतं. ती त्या बैलाविषयी असं बोलत होती, जणू तो जागा होईल. फोनवर हिरवी खूण आली.

मग खुणांवर खुणा. अंबक्का रोज उशी घेऊन बसायची. हळू बोलायची सवय फोनबाहेरही आली. भाजीवाल्यानं मला हळूच विचारलं, "अक्काला बरं न्हाय का?" पहिले पैसे खात्यात आले, त्यात शेंगाचटणीची पुडी आली. मुक्तानं हिशोब मांडला, तर तेवढ्या वेळात विड्या वळल्या असत्या तर जास्त मिळाले असते. पण अंबक्का पास झाली होती. ती पुडी तिनं चार घरांत वाटली, आणि मी शिक्षकासारखी मिरवत होते.

आणि मग एका पहाटे पाणी आलं आणि गेलं. गल्लीत कुणालाच कळलं नाही. बायका रिकामे हंडे घेऊन माझ्या दारात. "तुमीच शिकवलाव नव्हं अक्काला हळू बोलायला?"

त्यापुढच्या पाण्याला मात्र हाक उठली, पूर्वीसारखीच, भिंत हलवणारी. "पाणी आलं ओ, मोटर लावा." सगळ्या मोटरी सुरू झाल्या. आमची लावून मी तिच्याकडे गेले, या वेळी हात रिकामे.

अंबक्काची मोटर बंदच होती. ती अंगणात मल्लय्यांच्या रिकाम्या बाजेकडे तोंड करून उभी होती आणि दुसऱ्यांदा तीच हाक मारत होती. मी दिसले तशी वळली. स्वतःच जाऊन बटण दाबलं. फोन दाखवला, ते ॲप त्यात नव्हतं.

"अक्का, आता पास होत होतात की," मी म्हटलं. "चार पैसे येत होते. का काढून टाकलं?"

तिनं उत्तर दिलं ते तिच्या जुन्या आवाजात. मागच्या ओळीतसुद्धा ऐकू गेलं असणार, कारण तिकडे कुणीतरी हंडा घासायचं थांबलं.

"वैनी, हळू बोलले की घरात कुणी न्हाय असं वाटायलंय. वरडले की वाटतंय, हायत हितंच, नुसतं त्यांना ऐकू येईना झालंय."