साडेबाराच्या भोंग्यावर शेवंड

आमच्या शेजारचे मारुतीमामा घड्याळ मानत नसत. लग्नात मिळालेलं एक घड्याळ त्यांच्या भिंतीवर होतं, पण त्याला किल्ली दिलेली मी कधी पाहिली नाही. मामांचा सगळा कारभार गिरणीच्या भोंग्यावर. सत्तरच्या दशकातलं आमचं सोलापूर. दिवसभर कुठला ना कुठला भोंगा वाजतच असायचा आणि मामांना प्रत्येकाचा आवाज ओळखीचा. "ह्यो आपल्या गिरनीचा. ह्यो पलीकडल्या गिरनीचा, घसा बसलाय बगा त्याचा!" वेळही ते भोंग्यातच सांगायचे. भाकरी थापायला पाव भोंगा, दाढीला अर्धा भोंगा, आणि मास्तरीणबाई बोलायला बसल्या की दोन भोंगे. मास्तरीणबाई म्हणजे मी. मला असा राग यायचा म्हणता! आणि रागारागात मी आणखी अर्धा भोंगा बसायची.

मी मूळची वळसंगची, लिंगायताची लेक. नगरपालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची आणि मामांच्या लगतच्या खोलीत एकटी राहायची. आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत, त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू यायचं आणि त्याहून जास्त नाकात जायचं. कारण मामा मटण करायचे. आणि मटण करायचे म्हणजे काय, गल्लीला गोळा करायचे! कांदा-खोबरं निखाऱ्यावर भाजायचं, काळं तिखट सढळ हातानं घालायचं, मातीच्या मडक्यात सगळं चढवायचं आणि समोर पाटावर मांडी ठोकून बसायचं. अकराच्या भोंग्याला चढवलं की साडेबाराच्या भोंग्याला उतरवायचं. मधे कुणी झाकण उघडलं तर मामा पळी उगारायचे. मी आपली खिडकी लावून, नाकाला पदर लावून, शेंगाचटणी-भाकरी खायची. शिवशिवा, काय दिवस काढले मी!

मामा मूळचे मोडनिंबकडचे, गिरणीत मागखात्यात जॉबर, म्हणजे विणकरांवरचे मुकादम होते. शंभर-शंभर माग एकदम खडखडतात तिथं उमर गेली म्हणून की काय, बोलायचे ते ओरडूनच. दुसऱ्याला बोलू म्हणून द्यायचे नाहीत. कुणी मधे घुसून काही विचारलंच तर एक उत्तर ठरलेलं होतं: "शिजंल की!"

"मामा, यंदा बोनस मिळेल का?"

"शिजंल की!"

"मामा, माझ्या भाचीचं लग्न जमेना हो."

"शिजंल, शिजंल की. घाई न्हाय करायची."

गल्लीतल्या लोकांना वाटायचं, माणूस पोचलेला आहे. मला वाटायचं, माणूस अर्धवट आहे. भाचीचं लग्न म्हणजे काय पायाचं मटण आहे का?

त्यांच्या बायकोला आम्ही सुमतीमामी म्हणायचो. त्या रत्नागिरीकडच्या, अगदी समुद्राच्या काठच्या. मामा तरुणपणी मुंबईच्या गिरणीत होते, तिथं मामींचा भाऊ त्यांच्या शेजारच्या मागावर. त्या ओळखीतून लग्न झालं आणि समुद्राकाठची पोर सोलापूरच्या उन्हात येऊन पडली. बाई गोड बोलायची, हळू बोलायची. वीस वर्षं तिनं नवऱ्याचं काळं मटण मुकाट्यानं खाल्लं.

त्या वर्षी मामींना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज दिली तरी ओकायच्या. मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, आता औषध नाही, अन्न पाहिजे. पोटात चार घास गेले नाहीत तर मला खात्री देता येणार नाही. जे मागतील ते द्या." मी ते मामांना सांगितलं. मामा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले आणि पहिल्यांदाच "शिजंल की" म्हणाले नाहीत.

त्या आजारपणात मामांनी आणखी एक खूळ काढलं. गिरणीतून सुताची एक गुंडी आणली आणि त्या दोऱ्याचं एक टोक मामींच्या हाताला, दुसरं आपल्या पायाच्या घोट्याला. मधे भिंतीला खिळे मारून दोरा त्यावरून फिरवलेला. गल्ली हसून लोळायची. मारुतीनं घरात माग टाकला म्हणायचे लोक.

मी विचारलंच एकदा, त्यांच्या समोर उभी राहून. "मामा, हे काय हो सोंग?"

"एक वढला की पानी. दोन वढले की हितं या."

"आणि तीन?"

मामा चक्क लाजले. "तीनचं तुमाला काय करायचंय वो!"

आता तुम्हीच सांगा, बारा पावलांचं घर. हाक मारली असती तर काय बिघडलं असतं? पण मारुतीमामांना कोण सांगणार!

तर मामींना रोज विचारायचं, काय खाणार? त्या मान हलवायच्या. एक दिवस मी विचारलं तेव्हा डोळे मिटूनच म्हणाल्या, "शेवंड मिळाली असती गो बाय." मला शेवंड म्हणजे शेवंतीसारखं काही तरी वाटलं. मग त्यांनी सांगितलं, समुद्रातली मोठी, कवचाची कोळंबी असते, हातभर लांब. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून मामांच्या नाकापुढं धरलं, कारण त्यांना ऐकून घ्यायला वेळ कधी होता? मामांनी वाचलं आणि थेट टपाल कचेरी गाठली. मुंबईच्या मेव्हण्याला तार केली.

मेव्हणा आता मुंबईच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होता. चौथ्या दिवशी ओळखीच्या एका रेल्वे गार्डाबरोबर लाकडी पेटी आली. मामांनी पेटीसाठी रजा टाकली! कितीतरी वर्षांत न घेतलेली रजा! डोक्यावर पेटी, मागून बर्फाच्या पाण्याची धार, अशी मामांची स्वारी गल्लीत शिरली आणि शेवंड बघायला आख्खी गल्ली दारात. मीसुद्धा गेले. शाळेला दांडी मारून गेले, खोटं कशाला बोलू?

पेटी उघडली. भुसा, बर्फ, आणि आत तीन शेपट्या. नुसत्या शेपट्या!

"मुंडी कुटं गेली?" मामा गरजले. "मेव्हन्यानं मुंड्या खाल्ल्या!"

मामी खाटेवरून हसल्या. दीड महिन्यात पहिल्यांदा. म्हणाल्या, मांस शेपटीतच असतं, मुंडी लवकर नासते. मामांनी ते ऐकलं न ऐकलं, कामाला लागले. एक शेपटी संध्याकाळसाठी बर्फात ठेवली आणि उरलेल्या दोन्हींची तयारी सुरू केली. दोरा सगळ्यांच्या पायात येत होता, तोही सोडून खिळ्याला गुंडाळला. "आज अडकाय नगं कुनाला!" एवढे खुशीत होते, की मलासुद्धा वास कळेनासा झाला.

आणि केलं काय? कांदा-खोबरं भाजलं, काळं तिखट घातलं, दोन्ही शेपट्या मडक्यात टाकल्या, आणि अकराच्या भोंग्याला मडकं चढवलं!

पाच मिनिटं झाली असतील, तोच आतून मामींची हाक आली. "काढा हो. झालं ते, काढा."

मामा पाटावर ढिम्म.

"मामा, मामी काढा म्हणतायत!" मी त्यांच्या पाठीमागून म्हणाले. मामा निखारा सारखा करत होते. आतून मामी परत परत हाका मारत होत्या, आवाज बारीक होत चाललेला. मग माझं डोकंच फिरलं. मी शाळेतल्या आवाजात किंचाळले, "मामा! धोतर पेटलं!"

गल्लीतली चार माणसं धावत आली. मामांनी मान वळवली नाही.

मी पहिलीची मास्तरीण हो! दर वर्षी वर्गात एखादं पोर असतं, तोंडाकडे टक लावून बघणारं, काही विचारलं की एकच ठरलेलं उत्तर देणारं. ते पोर मला आठ दिवसांत ओळखू येतं. आणि हे एवढं मोठं पोर भिंतीपलीकडं सहा वर्षं राहिलं, मला कळलं नाही. "शिजंल की" ऐकून मी हसत होते. मुस्कटात मारावीशी वाटली मला माझ्याच.

साडेबाराचा भोंगा झाला. मामांनी तेवढ्यात मान वर केली, खूश होऊन म्हणाले, "झालं बगा!" तेवढा एकच आवाज त्यांच्यापर्यंत पोचत होता.

मडकं उतरलं. मामांनी पळीनं तुकडा दाबला, पळी सटकली. सुरीनं कापायला गेले, सुरी उडाली. दोन्ही शेपट्या चपलेच्या तळव्यासारख्या झाल्या होत्या. मामांच्या तोंडचं पाणी पळालं, तरी म्हणाले, "अजून शिजंल की," आणि परत चढवायला लागले. तेव्हा मी गल्लीला हाकललं. "चला, घरला चला सगळे, जत्रा आहे का इथं!" दार लावलं, मामांच्या समोर बसले आणि ओठ नीट हलवून म्हणाले, "मामा, तुम्हाला ऐकू येत नाही."

मामांनी मडकं परत खाली ठेवलं. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू आला. "कुनाला बोलू नगा, बाई. खात्यातनं काडतील."

"मामींना माहीत आहे?"

"तिनंच तर सांगितलं, दोरा आन म्हनून. तिचा आवाज गेला, माजं कान गेलं. काय करनार?"

मी खिळ्याला गुंडाळलेला दोरा सोडला आणि त्यांच्या घोट्याला बांधला. माझे डोळे वाहत होते ते मी धुरावर ढकललं.

मग सुरू झाली तिसऱ्या शेपटीची गोष्ट. ही शेवटची. ही बिघडली तर परत तार, परत पेटी, आणि तोवर मामी राहतील का हे कुणालाच माहीत नव्हतं. मामी खाटेवरून सांगत होत्या, मी ते पाटीवर लिहीत होते आणि मामा करत होते. गिरणीतल्या मोठ्या कात्रीनं पोटाकडून कवच उभं चिरायचं. हळद, मीठ, ठेचलेला लसूण, संपलं. काळं तिखट? "मेलं ते काळं तिखट!" मामी म्हणाल्या. हे मी लिहिलं नाही. तवा तापला, तेल सोडलं आणि शेपटी चर्र करून पडली.

"किती येळ?" मामांनी विचारलं.

मी पाटीवर लिहिलं: दोरा दोनदा ओढला की उतरवायचं.

मामा तव्यापुढे बसले, एका हातात सांडशी. इकडे मामींनी डोळे मिटले होते आणि मान जरा वर करून नुसता वास घेत होत्या. मी दारात, कधी इकडे बघते, कधी तिकडे. लिंगायताची लेक मी, पण बसवेश्वराची शपथ, मीसुद्धा वास घेत होते! कवच बघता बघता लाल झालं. लसूण खमंग सुटला. आणि दोरा हलला. एक. दोन.

मामांची सांडशी हवेतच थांबली. "इतक्यात? बाई, कच्ची हाय की वो!" जन्मभर भोंग्याशिवाय चुलीवरून काही उतरवलं नव्हतं त्या माणसानं. परत दोन हिसके बसले, जोरात. मामांनी डोळे गच्च मिटले आणि तवा खाली घेतला.

आत मांस पांढरंशुभ्र होतं, बोटानं सुटत होतं. मामांनी लिंबू पिळलं, ताटली घेऊन खाटेवर बसले आणि पहिला घास मामींच्या तोंडात घातला. मामींनी चावला. गिळला. आम्ही दोघं वाट बघत बसलो, आता ओकतील, मग ओकतील. मामींनी तोंड उघडलं आणि दुसरा घास मागितला. मग तिसरा. कवच रिकामं झालं आणि त्या म्हणाल्या, "जरासा भात मिळेल का गो?" मी नाचायची बाकी राहिले! भात माझ्याच घरात होता, धावत जाऊन घेऊन आले.

भातही खाऊन झाल्यावर मामांनी विचारलं, "कसं झाल्तं?"

मामी पुटपुटल्या काही तरी. मामा माझ्याकडे वळले, "काय म्हनली?" मी पाटी उचलली, तर मामींनी हातानं मला थांबवलं. आणि हातभर अंतरावर बसलेल्या नवऱ्याचा दोरा ओढला. एक, दोन, तीन.

मामांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, नको इतका वेळ पुसलं.

"तीन म्हणजे काय हो मामी?" मी हळूच विचारलं.

"तीन म्हणजे काही नको," मामी म्हणाल्या. "नुसते बसा इथे."

मी ताटल्या गोळा करून दारापर्यंत आले, तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला, त्यांच्या स्वतःच्या गिरणीचा, चांगला लांबलचक. सवयीनं मी मागं वळून बघितलं. मामांनी मान वर केली नाही. मामींचा हात हातात घेऊन ते तिथंच बसले होते.