टिपणीससाहेब रुसतात

"रुसवेफुगवे ना? ते माझ्यावर सोपवा, पाटील. तुम्ही निश्चिंत राहा," असं मुकुंदराव टिपणीस म्हणाले आणि तिथेच सगळं बिनसलं.

ठाण्याला तलावपाळीच्या बंगल्यात, व्हरांड्यात सकाळचा चहा चालला होता. कळव्याचे परशुराम पाटील मुलीच्या लग्नाची अक्षत घेऊन आले होते आणि मुलीच्या बापाने करायची ती सगळी रड अगदी मनापासून करत होते. "काय सांगू सायेब! मामा रुसंल, ईवाई रुसंल, थोरला जावई रुसंल. एकेकाचं पाय धरता धरता माजी कंबर जायाची बगा!"

हे ऐकून मुकुंदरावांचे डोळे चमकले. चमकणारच हो! त्या माणसाचं सारं आयुष्य मानपानातच गेलं होतं. आधी लंडनच्या कचेरीत आणि स्वराज्य आल्यावर आपल्या वकिलातीत. मेजवानीला कोणता राजदूत कुणाच्या उजव्या हाताला बसवायचा, कुणाच्या मोटारीचं दार आधी उघडायचं, हे ठरवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आता निवृत्त होऊन ते घरी परतले होते आणि देशातल्या पहिल्यावहिल्या निवडणुकीला अपक्ष म्हणून उभे राहिले होते. पंचाईत एवढीच होती, की ज्या ठाण्यात जन्मले तिथे त्यांना काळं कुत्रं ओळखत नव्हतं. टांगेवालेसुद्धा "पाहुणे, कुठं सोडू?" असं विचारायचे आणि मुकुंदरावांच्या ते काळजाला लागायचं. कळवा गाव मात्र पाटलांच्या शब्दाबाहेर नव्हतं. पाटील आपले झाले, की खाडीपलीकडची मतं आपली.

पाटलांना ते काही पटलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला नको कसं म्हणायचं? "बरं सायेब," ते म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

"अहो, लग्न आहे ते, तह नव्हे," चित्राबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"लग्नासारखा अवघड तह नाही, चित्रा. तू बघच."

आणि मुकुंदराव कामाला लागले. मांडवात मानाचा नारळ आणि टोपी कुणाकुणाला द्यायची, याची त्यांनी चौकशी केली. मानकरी निघाले पाच. नवरीचा मामा नाथा, डोंबिवलीकडचे व्याही राघोशेठ, थोरला जावई, पाटलांचे चुलते आणि गावचा पुजारी. पहिला नारळ ज्याला जाईल तो खूश आणि बाकीचे चार नाराज, हे उघडच होतं. मुकुंदरावांनी त्यावर असा तोडगा काढला, की युरोपात असते तर पदक मिळालं असतं. पाच सारख्या खुर्च्या, एकाच आकाराचे पाच नारळ, ते द्यायला घरचे पाचजण, आणि मुकुंदरावांनी टाळी वाजवली की पाचही नारळ एकाच क्षणी पाच हातांत! पहिला कुणी नाही, शेवटचा कुणी नाही. टोपी घट्ट झाली म्हणून कुणी कुरकुरू नये, यासाठी त्यांनी ड्रायव्हर व्हॅलेरियनला पाठवून पाचही डोक्यांची मापं आणवली. जावयाला वाटलं, मतदानासाठी मोजतायत.

मार्गशीर्षातला लग्नाचा दिवस उजाडला. काय दिवस होते हो ते! आज कळव्यात उभं राहिलं तर खाडी कुठेय ते विचारावं लागतं. तेव्हा पूल ओलांडला, की उन्हात डोळे दिपवणारी पांढरी मिठागरं, कापणी झालेली मोकळी शेतं आणि साऱ्या गावाला येणारा हळदीचा वास. लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या सखुबाई धवलारणीचा आवाज तर पुलावरच ऐकू यायचा. मुकुंदरावांना बालपण आठवलं आणि मोटारीत उगाचच त्यांनी दोनदा नाक पुसलं.

लग्न लागलं. पाचजण खुर्च्यांवर बसले. मुकुंदरावांनी टाळी वाजवली. पाच नारळ, पाच टोप्या, सगळं एका दमात. टोप्या डोक्यावर अशा बसल्या, की जणू जन्मापासून तिथेच होत्या.

मुकुंदराव कौतुकाची वाट बघत उभे होते. नाथामामाने नारळ उलटासुलटा करून पाहिला. शेंडी होती. टोपी काढून पाहिली, पुन्हा घातली. कुठेच खोट सापडेना. त्याचा चेहरा पडत पडत पार रडवेला झाला. मग तो ताडकन उठला आणि नारळ खुर्चीवर ठेवून म्हणाला, "मी नाय जेवाचा!"

"का? काय कमी पडलं?" मुकुंदराव धावले.

"कमी काय परलं नाय, त्योच तर वांधा हाय ना!" मामा ओरडला. "वरीसभर यो पाटील माज्याकडं ढुंकून बगत नाय. भाचीच्या लग्नात मी रुसनार, यो माजं पाय धरनार, मना हाताला धरून पानावर नेनार, सगला गाव बगनार! ईस वरसं या दिवसाची वाट बगतंय मी. तुमी मना रुसाला जागाच नाय ठेवली!"

"आनि मामा रुसल्यावर माजी पाळी असते," राघोशेठ उठले. "मुलाचा बाप मी. मना कुनी समजावलंच नाय, तर डोंबिवलीत जाऊन काय सांगू?"

जावई उठला, चुलते उठले. पुजाऱ्याला काय करावं ते कळेना, म्हणून तोही उठला. पाचही मानकरी मांडवातून निघाले आणि मिठागराच्या बांधावर जाऊन पाठ फिरवून बसले.

आता खरी गंमत. एरवी रुसायलाही रांग असायची. मामाची समजूत पटली की व्याही रुसायचे, व्याह्यांची पटली की जावई. इथे पाचजण एकदम रुसलेले. पाटलांनी पहिल्यांदा ज्याचे पाय धरावेत तो मोठा, बाकीचे चार कायमचे दुखावणार. बिचारे पाटील बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. पंगत खोळंबली, वरात खोळंबली, नवरी कोपऱ्यात मुसमुसायला लागली.

मुकुंदरावांनी वकिलातीतला हुकमी उपाय काढला. एकेकाच्या कानाशी लागून हळूच सांगितलं, "खरा पहिला मान तुमचाच बरं का. कुणाला बोलू नका." पण बांध होता हातभर रुंद आणि पाचजण मांडीला मांडी लावून बसलेले. पाचव्याच्या कानाशी जाईपर्यंत पहिल्या चौघांनी आपसांत विचारून घेतलं होतं, आणि आता ते एकमेकांशीही बोलेनासे झाले.

शेवटी पाटलांचा धीर सुटला. हात जोडून ते म्हणाले, "सायेब, तुमच्या पाया परतो. तुमी आता घरी जावा."

मतं गेली, हे तर मुकुंदरावांना कळलंच. पण ज्या गावात आपलं म्हणवून घ्यायला आलो, त्या गावानेच वाटेला लावलं. तीस वर्षं परक्यांच्या पंगती लावल्या आणि आपल्या माणसांची पहिलीच पंगत उधळली! ते तडक मोटारीत जाऊन बसले. पण जाणार कसे? पंगत खोळंबली असली तरी व्हॅलेरियन आत चुलीपाशी केव्हाच जेवायला बसला होता. मुकुंदरावांनी काच वर केली आणि तोंड फिरवलं.

चित्राबाईंनी काचेवर टकटक केलं. "अहो, दोन घास तरी खा."

"मला जेवायचं नाही. मला कुणाशी बोलायचंही नाही." आणि खरंच सांगतो, त्यांचे डोळे भरून आले होते.

मांडवाच्या दारातून सखुबाईने ते पाहिलं आणि जी आरोळी ठोकली ती बांधापर्यंत गेली. "आगो बाय! सायेब रुसला गो!"

पाचही माना वळल्या. दारात आलेला पाहुणा उपाशी रुसून बसलाय? मामा उठला, व्याही उठले, बाकीचे त्यांच्या मागे. आपला रुसवा राहिला बाजूला, सगळं गाव मोटारीभोवती गोळा झालं. मामा पायाशी बसला, व्याह्यांनी हात धरला, सखुबाईने साहेबांचं नाव गुंफून गाणं उचललं, आणि बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. समजूत घालण्यात त्या गावाचा हात कोण धरणार?

"उठा सायेब," पाटील म्हणाले. "रुसलेल्या मानसानं मागंल ते द्याचं, अशी रीत हाय आमची. बोला, काय पायजे? सगला गाव हजर हाय."

मुकुंदरावांना हुंदका आवरेना. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता आणि मांडवातून तळणीचा वास येत होता. "वडे," ते कसेबसे म्हणाले.

पाटलांनी हाताला धरून त्यांना पानावर नेलं. पाचही मानकरी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसले, आणि त्या दिवशी ठाण्याच्या टिपणीससाहेबांनी किती वडे खाल्ले ते गावात पुढे कितीतरी दिवस कौतुकाने सांगत.

जानेवारीत मतदान झालं. मुकुंदराव पडले, आणि चांगले सपाटून पडले. निकालानंतर पाटील बंगल्यावर आले आणि कपाळाला हात लावून बसले.

"सायेब, तवा मतां मागितली असती, तर सगला गाव तुमचा होता. जबान दिलेली मी! आनि तुमी मागितलं काय, तर वडे!"

चित्राबाई हसून हसून बेजार झाल्या. मुकुंदरावांना मात्र हसू येईना.

"जाऊ द्या," पाटील म्हणाले. "वैशाखात धाकटीचं लगीन हाय. तुमाला रुसाला बोलवाचं, असं गावानं ठरवलंय. नक्की या."

मुकुंदरावांनी चष्मा पुसला. गावाने ठरवलंय! मग अगदी गंभीरपणे त्यांनी विचारलं, "पण पाटील, मी कितवा?"

"तुमी? तुमी सहावे. पुजाऱ्याच्या मागनं."

"पुजाऱ्याच्या मागून?"

"मंग? तो गावचा, सायेब."

मुकुंदराव उठले, आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. पाटलांनी एकदा चित्राबाईंकडे पाहिलं, आनंदाने हसले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि साहेबांचे पाय धरायला आत गेले.