वाघाटीची पिल्लं

नानासोंच्या उसाला अखेर तोड मिळाली आणि पहिल्याच सकाळी सरीतून पिल्लं निघाली. दोन, मुठीएवढी, अंगभर ठिपके. ऊसतोड्यांची टोळी कोयते टाकून बांधावर जाऊन बसली आणि चहा उकळायच्या आत गावभर झालं, नानासोंच्या रानात बिबट्या व्यायलाय.

नानासो लष्करातले निवृत्त हवालदार. हल्ली त्यांना एकच वेड होतं, दिसेल तो प्राणी ओळखायचा. सख्खा मेव्हणा बाजारात भेटला तर ओळखणार नाहीत, पण मुंगूस लांबून ओळखतील, असं त्यांच्या पत्नी साळूबाई सगळ्यांना सांगायच्या. पिल्लं बघून ते आनंदानं सरीतच उकिडवे बसले.

"बिबट्या न्हवं रं, वाघाटी हाय ही. एवढुसं रानमांजर. लोकं जन्मभर हिंडत्यात तरी दिसत न्हाई, आन् आपल्या उसात घावली."

"आवं, पर टोळी निघाली की," साळूबाई म्हणाल्या.

त्यांचा जीव उसात अडकला होता. तुरे आले होते, वजन घटत होतं, आणि ही टोळी गेली तर दुसरी कधी मिळेल ते कारखान्यालाही सांगता आलं नसतं. मुकादम बिरदेवनं अट घातली, पिल्लांची आई डोळ्यांनी बघितल्याशिवाय कोयता उचलणार नाही. नानासोंना तेच हवं होतं. वनरक्षक रेश्माताईंनाही ती वाघाटीच वाटत होती. त्यांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवली आणि समोर कॅमेरा बांधला.

सकाळी क्रेट रिकामा. रात्रीचं चित्रण आधी आपण बघून घेऊ, असं रेश्माताई म्हणत होत्या, पण नानासोंना एवढा धीर कुठला? त्यांनी टोळीसह सारं गाव ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर गोळा केलं.

पडद्यावर चिमुकली आई आली. एक पिल्लू मानेला धरून नेलं, परत येऊन दुसरंही नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिरदेव हसून म्हणाला, मांजरच आहे, चला कामाला. साळूबाईंनी खुशीत सगळ्यांना चहा सांगितला. रेश्माताई टीव्ही बंद करायला उठल्या.

"ऱ्हाऊ द्या वाईच," नानासो म्हणाले. "परत आली तर शिपूट नीट बगाय घावंल."

पडद्यावर शेपटी आली, पण भलतीच लांब. तिच्यामागचं जनावर क्रेटपेक्षा मोठं होतं. त्यानं क्रेट हुंगला, उसाच्या सरीत निवांत बैठक मारली आणि कॅमेऱ्याकडं बघत जांभई दिली.

नानासो ताडकन उठले. "आन् ह्यो बिबट्या. पूर्ण वाढल्याला. आता दोघांच्या ठिपक्यातला फरक बगा. एकाच रानात दोनी, केवढं नशीब म्हणायचं आपलं."

फरक समजावून ते वळले, तर खुर्च्या रिकाम्या. बाहेर टोळीचा ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. घाईत बिरदेवचा कोयता खुर्चीखालीच राहिला होता.

साळूबाईंनी तो उचलून नवऱ्याच्या हातात दिला.

"आता ह्याला वळखा," त्या म्हणाल्या.