फुकटातला पहारेकरी

"पैसे भरायचे नाहीत म्हणजे नाहीत," असं म्हणून डॉक्टरांनी पडद्यावरची लाल चौकट बंद केली. ती लगेच पुन्हा उघडली.

कॉम्प्युटरबरोबर आलेल्या अँटीव्हायरसची मुदत संपली होती. तुमचा कॉम्प्युटर आता उघड्यावर पडला आहे, पैसे भरा आणि निश्चिंत व्हा, असं ती चौकट सांगत होती. डॉक्टर दातांचे होते. माणसाला घाबरवून खुर्चीत कसं बसवायचं, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

"अगं, हा धंदा मला पक्का ठाऊक आहे. आधी म्हणायचं कीड लागलीये. मग म्हणायचं पसरतेय. मग हळूच बिल पुढे करायचं."

"तुम्हीही तेच करता," बायको म्हणाली.

"मी करतो तेव्हा कीड खरी असते."

बायको घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. जेवणाच्या खोलीतल्या त्या कॉम्प्युटरवर सध्या एक आख्खा शब्दकोश पडून होता आणि ती 'न'पर्यंत पोचली होती. "माझं सगळं काम त्यात आहे. पैसे भरून टाका ना, डोक्याला ताप नको," ती म्हणाली.

पण एखादी वस्तू दुकानदारानं सांगितली म्हणून घेणं डॉक्टरांच्या स्वभावात नव्हतं. गालिचा घ्यायला गेले तर ते विणकामावर बोलून यायचे. त्यांनी दोन संध्याकाळी वाचनात घातल्या आणि जेवताना निकाल जाहीर केला. "फुकटातलं आणि विकतचं, दोन्ही तेच चोर पकडतात. विकतच्याला फक्त गणवेश असतो. गणवेशाचे पैसे आपण का द्यायचे?"

फुकटातलं अँटीव्हायरस उतरवताना नेहमीप्रमाणे अटींचं लांबलचक पान आलं. डॉक्टर 'मान्य आहे' दाबणार, तेवढ्यात बायकोनं त्यांचा हात धरला. बारीक अक्षर दिसलं की तिला राहवत नसे.

"इथे लिहिलंय, आम्ही वेळोवेळी उपयुक्त सूचना देऊ."

"देऊ देत की. सूचना ऐकून घ्यायला माझी कुठे ना आहे?"

"इतकी वर्षं बघतेय मी," ती म्हणाली आणि हात सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांची आई त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "अरे, जेवणाच्या खोलीत कोण बाई आलीये?"

"कुणी नाही. कॉम्प्युटर बोलतोय."

"मला म्हणाली, 'आपण अजून पूर्ण सुरक्षित नाही.'"

"मग?"

"मग काय! मी म्हटलं, कोण आहे बाई या जगात?"

आईला ती बाई आवडली. बायकोला मात्र दर शब्दागणिक ती ऐकावी लागत होती. 'नकार' झाला की बाई, 'नक्कल' झाली की बाई. संध्याकाळपर्यंत बायकोचा चेहरा बघून डॉक्टरांना उपाय शोधणं भाग पडलं. त्यांनी आणखी वाचलं आणि दुसरं एक फुकटातलं अँटीव्हायरस निवडलं. ते मितभाषी आहे, असं बऱ्याच जणांचं मत होतं.

"आधी पहिलं काढा," बायको म्हणाली.

"कशाला? दारावर दोन पहारेकरी असले तर बिघडलं कुठे?"

बिघडलं ते असं. दुसऱ्या पहारेकऱ्यानं आत पाऊल टाकलं आणि पाहिलं तर घरात आधीच कुणीतरी वावरत होतं. प्रत्येक खोलीत डोकावत होतं, प्रत्येक फाइल उघडून बघत होतं, मालकाला न विचारता बाहेर निरोप धाडत होतं. लक्षणं सगळी चोराची. एक भरदार पुरुषी आवाज घरभर घुमला, "धोका आढळला!"

त्यानं त्या बाईला पकडून कोठडीत टाकलं. पण बाईही मुरलेली होती. ती दर थोड्या वेळानं कोठडीतून सुटायची, तो पुन्हा ओरडायचा. डॉक्टरांनी पहिलं काढायला घेतलं, तर दुसरा म्हणे, कैद्याला हात लावता येणार नाही. दुसरं काढायला घेतलं, तर पडदा गोठून बसला. या हाणामारीत कॉम्प्युटर इतका मंदावला की एक अक्षर दाबून बायको चहाला आधण ठेवून यायची, तेव्हा ते उमटलेलं असायचं. तिनं मुकाट्यानं पेन ड्राइव्हवर शब्दकोशाची नक्कल करून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

"पैसे भरू या का आता?" तिनं विचारलं.

"आज नाही. आज माझं व्याख्यान आहे. ऐन वेळी काही बदलायला गेलो तर आहे तेही बंद पडायचं."

व्याख्यान दंतवैद्यांच्या संघटनेसमोर होतं, तेही याच कॉम्प्युटरवरून, कारण दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला कॅमेरा नव्हता. विषय होता 'भरलेली दाढ दीर्घकाळ कशी टिकते'. संघटना तरुण दंतवैद्यांसाठी प्रशिक्षण वर्ग काढणार होती आणि तो कुणाच्या हाती द्यायचा, हे अध्यक्ष ठरवणार होते. अध्यक्षांचा दरारा मोठा होता. निम्म्या संघटनेनं दाढ भरायला त्यांच्याच हाताखाली शिकून घेतलं होतं. वर्ग आपल्याकडे यावा, असं डॉक्टरांना मनापासून वाटत होतं. म्हणून त्यांनी आदर्श कामाचा नमुना म्हणून अध्यक्षांनीच भरलेल्या एका दाढेचा एक्स-रे निवडला होता. तो पेशंट आता डॉक्टरांकडे येत असे.

व्याख्यान उत्तम सुरू झालं. डॉक्टरांचा आवाज खणखणीत होता, दोन्ही पहारेकरी भांडून दमले होते, त्यामुळे चित्रंही वेळेवर सरकत होती. आई बाजूच्या खुर्चीत, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसून कौतुकानं ऐकत होती. मग अध्यक्षांनी भरलेल्या त्या दाढेचा एक्स-रे पडदाभर उघडला.

"आणि हे पाहा," डॉक्टर म्हणाले, "आपल्या अध्यक्षांच्या हातचं काम. कडा पाहा, बसवणी पाहा. याला म्हणतात निर्दोष..."

"धोका आढळला!" भरदार आवाज म्हणाला.

समोरच्या सगळ्या चौकोनांतले चेहरे हलायचे थांबले. डॉक्टरांनी आवाज बंद करायला माउस फिरवला, पण पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

"माफ करा, हे जरा तांत्रिक..."

"धोका आढळला! त्वरित कारवाई करा!"

"अगंबाई," आई म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

अध्यक्ष चष्मा काढून पुसत होते. त्यांनी तो पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याजवळ सरकले, इतके की त्यांच्या चौकोनात नुसतं कपाळ दिसू लागलं. डॉक्टरांच्या मनातून प्रशिक्षण वर्ग केव्हाच निघून गेला होता. आता संघटनेचं सभासदत्व तरी राहील का, याचा ते विचार करत होते.

"थांबा," कपाळ म्हणालं. "चित्र बदलू नका. खालचा डावा कोपरा बघा. भरलेल्या भागाच्या कडेला सावली आहे."

डॉक्टरांनी पाहिलं. खरंच सावली होती. बारीक, करडी, पण होती. भरलेल्या दाढेखाली कीड पुन्हा शिरली होती. हा एक्स-रे त्यांनी व्याख्यानासाठी किती वेळा न्याहाळला होता! पण दर वेळी त्यांनी दाढेऐवजी अध्यक्षांचं नाव पाहिलं होतं. त्यांचे कान गरम झाले.

"आहे," ते म्हणाले. "मला दिसली नव्हती. उद्याच पेशंटला बोलावून घेतो."

"घ्या. आणि मलाही कळवा," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांचा पूर्ण चेहरा चौकोनात आला आणि त्यावर राग नव्हता. "पण काय हो डॉक्टर, हे यंत्र कुठून मिळवलंत? माझ्या तोंडावर माझी चूक सांगायची हिंमत आजवर कुणाची झाली नाही!"

त्याबरोबर सगळे चौकोन एकदम बोलू लागले. कुठल्या कंपनीचं आहे? दवाखान्यात चालेल का? एका डॉक्टरीणबाईंनी नेमका प्रश्न विचारला, "फुकट मिळतं की पैसे भरावे लागतात?"

"फुकट मिळतं," डॉक्टर म्हणाले, "पण ऐका, ते दातांचं नाही. साधं अँटीव्हायरस आहे. दुसऱ्या अँटीव्हायरसवर ओरडत होतं. तेव्हाच एक्स-रे उघडला, हा निव्वळ योगायोग आहे."

डॉक्टरीणबाई समजूतदारपणे हसल्या. "नसेल सांगायचं तर राहू दे हो. आम्ही समजू शकतो."

डॉक्टरांनी तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगितली. प्रत्येक प्रकारानं सभासदांची खात्री आणखी पक्की होत गेली.

पेशंट दुसऱ्या दिवशी आला. कीड निघाली, पण वेळेत सापडल्यानं दाढ वाचली. डॉक्टरांनी अध्यक्षांना तसं कळवलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "पैसे भर." ती एवढंच म्हणाली, "बरं." जी माणसं या प्रसंगी आणखी काही बोलतात त्यांच्यात ती नव्हती, म्हणून डॉक्टरांना जास्तच लागलं. विकतच्या अँटीव्हायरसनं दोन्ही फुकट्यांना मुकाट्यानं बाहेर काढलं आणि कोपऱ्यात एक हिरवी टिकली होऊन बसलं. घर शांत झालं. बायको 'प'मध्ये शिरली. आईला मात्र जरा चुकल्यासारखं होत होतं.

रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात अध्यक्ष उभे होते, एक हात गालावर आणि दुसऱ्यात पेन ड्राइव्ह.

"माझ्याच दाढेचा एक्स-रे आहे," ते आत येत म्हणाले. "मी पाहिला, मला तर काही दिसत नाही. पण ठणकतेय. म्हटलं, तुमच्या यंत्राला विचारावं. संघटनेत बोलू नका."

"सर, मी त्या दिवशी सांगितलं ना, ते यंत्र..."

"हो हो, योगायोग. लावा."

डॉक्टरांनी पेन ड्राइव्ह लावला. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी हिरवी चौकट अदबीनं वर आली. 'तपासणी पूर्ण. कोणताही धोका नाही.'

"बघा!" अध्यक्षांचा हात गालावरून खाली आला. "काही नाही म्हणतंय. वयोमानानं दुखत असेल. चला, सुटलो."

डॉक्टर एक्स-रे उघडून बघत होते. नाव कुणाचं आहे याकडे या वेळी त्यांनी लक्ष दिलं नाही. "सर," ते म्हणाले, "दाढ किडलीये. चांगली आतपर्यंत."

"पण यंत्र गप्प आहे."

"ते गप्पच असणार. आता पैसे भरलेत ना. फुकटातलं होतं तेव्हा बोलायचं."

अध्यक्षांनी त्या हिरव्या टिकलीकडे रोखून पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं.

"म्हणजे पैसे घेऊन गप्प बसतं?"

"तसंच नाही, सर, पण..."

"माझे सगळे विद्यार्थी माझ्या दाढेला चांगलंच म्हणतील. तुमचं यंत्रही त्यांच्यातलंच निघालं." त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून ठेवली. बायकोनं शब्दकोशाच्या छापील पानांवरून नजर वर केली. आईनं हातातली कपबशी खाली ठेवली. "प्रशिक्षण वर्ग तुमचा, ते आता ठरलं. पण माझी दाढ तुम्हीच बघा आणि माझ्याकडून एक पैसाही घेऊ नका. मला खरं ऐकायचंय," अध्यक्ष म्हणाले आणि खुर्चीत बसून त्यांनी आ केला.